धनुर्धराचे शरीर

(गिंडी येथे तरुण निसर्गनिरीक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्या रानाच्या कुंपणाला लागून आपण बसलो आहोत, तेथे काळवीट आणि चितळ निर्भयपणे चरत असतात; आणि मी मात्र धनुष्याने शिकार करणाऱ्याने हंगामापूर्वी आपले शरीर कसे तयार करावे, याविषयी बोलणार आहे. आपल्या देशात असा हंगाम आता उरलेला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला आणि परवाना घेऊन शिकार करण्याची जी थोडी वाट त्यात राहिली होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने जवळजवळ बंद झाली. ही बंदी योग्य आहे, असे माझे मत आहे. परंतु शिकारीबरोबर शिकाऱ्याच्या शरीराचे शास्त्रही टाकून द्यावे काय, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

गिंडीचे रान हे स्वतःच या प्रश्नाचे एक उदाहरण होय. सतराव्या शतकापासून येथे मद्रासच्या गव्हर्नरांचे विश्रामगृह होते आणि भोवतालचे रान शिकारीसाठी राखलेले होते. १९१० साली सुमारे ५०५ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून जाहीर झाले. पुढे त्यातूनच तंत्रज्ञान संस्थेला, स्मारकांना आणि इतर संस्थांना जागा दिली गेली. १९७० नंतरच्या दशकात राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा जेमतेम २७० हेक्टर उरले होते. ज्यांनी हे रान राखले, त्यांनी ते हरणांवरील प्रेमापोटी राखले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तरी हरणे वाचली, एवढे खरे.

आता मुख्य विषयाकडे वळू. शिकारीमुळे शरीर कसे घडते, याची चर्चा आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात राजाच्या व्यसनांचा विचार करताना मृगया आणि द्यूत यांची तुलना केली आहे. मृगया अधिक वाईट, असे एका पूर्वाचार्याचे मत तो मांडतो आणि मग ते खोडून काढतो. शिकारीत व्यायाम घडतो, कफ, पित्त आणि मेद कमी होतात, स्थिर व चालत्या शरीरावर नेम धरण्याचा सराव होतो, आणि भ्यालेल्या किंवा चवताळलेल्या प्राण्याच्या मनात काय चालले आहे हे उमगते, असा त्याचा युक्तिवाद आहे. मनुस्मृती मात्र कामातून उपजणाऱ्या दहा व्यसनांत मृगयेला पहिले स्थान देते. म्हणजे या बाबतीत प्राचीनांचेही एकमत नव्हते.

कालिदासाने हीच चर्चा शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात रंगभूमीवर आणली. सेनापती मृगयेचे गुण गातो: चरबी झडते, पोट बारीक होते, अंग हलके व चपळ बनते, आणि हलत्या लक्ष्यावर बाण लागणे हीच धनुर्धराची खरी प्रतिष्ठा. या स्तुतीच्या आधी विदूषक येऊन गेलेला असतो, हे मात्र आपण विसरतो. राजाच्या मागे रानोमाळ धावून त्याचे सांधे निखळायला आले आहेत, वेळी-अवेळी शिळेपाके खावे लागते आहे आणि रात्री झोप नाही. तयारीवाचून शिकारीस गेलेल्या मनुष्याचे इतके नेमके वर्णन मला दुसरीकडे आढळले नाही. आणि हेही लक्षात ठेवा, की नाटकाच्या आरंभी दुष्यंत ज्याच्या मागे लागतो तो मृग कृष्णसार आहे, म्हणजे आपल्या कुंपणापलीकडला काळवीट. तपस्वी मध्ये येऊन उभे राहतात आणि राजा चढवलेला बाण उतरवतो. बाण उतरवण्यासाठीही शरीरावर ताबा लागतो. ओढलेली दोरी न सोडता सावकाश परत नेणे हे सोडण्यापेक्षा अवघड असते, हे कोणताही तिरंदाज सांगेल.

धनुष्य ओढताना शरीरात काय घडते? पाहणाऱ्यास वाटते की हे सारे दंडाचे काम आहे. नवशिक्यासही तसेच वाटते, आणि म्हणून तो दंडाने ओढतो व दहा-बारा बाणांतच थकतो. वस्तुतः दोरी ओढण्याचा मुख्य भार पाठीवर पडावयास हवा. दोन्ही खांद्यांची पाती पाठीच्या कण्याकडे खेचणारे जे स्नायू आहेत, त्यांनी हे काम केले पाहिजे. दोरीचा हात हा केवळ आकड्यासारखा असावा. दुसरा हात, ज्यात धनुष्य असते, तो ओढत नाही, तर भार सोसतो. त्याचा खांदा वर चढू न देता खाली स्थिर ठेवणे ही अर्धी विद्या आहे. खांद्याच्या सांध्याची खोबण उथळ असते, आणि तिच्याभोवतीचे चार लहान स्नायू हाडाला जागेवर धरून ठेवतात. मोठ्या स्नायूंना बळ येते पण हे चार दुर्बल राहतात, तेव्हा खांदा दुखावतो. जगभरच्या तिरंदाजांची सर्वांत सामान्य तक्रार खांद्याचीच असते.

आकडे पाहिले म्हणजे या श्रमाची कल्पना येईल. ऑलिंपिकमधील पुरुष तिरंदाजाच्या धनुष्याची ओढ सामान्यतः वीस किलोच्या आसपास किंवा किंचित अधिक असते. प्राथमिक फेरीत त्याला सत्तर मीटरवरून ७२ बाण सोडावे लागतात. म्हणजे एका सकाळी तो सुमारे दीड टन वजन ओढतो, आणि प्रत्येक वेळी ते काही क्षण धरून ठेवून, जराही न थरथरता, एकाच ठिकाणी सोडतो. सरावाच्या दिवशी बाणांची संख्या याच्या कितीतरी पट असते. कंपाउंड धनुष्यात टोकाच्या चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर बराचसा भार उतरतो. आजचे परदेशी शिकारी बहुधा हेच धनुष्य का वापरतात, याचे कारण त्यात आहे: जनावर योग्य बाजूने वळेपर्यंत धनुष्य ओढलेले ठेवून वाट पाहता येते.

अति झाले की शरीर त्याची नोंद हाडात करून ठेवते. इंग्लंडच्या राजाची 'मेरी रोज' ही युद्धनौका १५४५ साली बुडाली आणि १९८२ साली वर काढण्यात आली. तिच्यावर शंभराहून अधिक लांब धनुष्ये जशीच्या तशी सापडली. त्यांची ओढ आजच्या ऑलिंपिक धनुष्याच्या दुपटी-तिपटीची, काहींची त्याहूनही अधिक असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेथे मिळालेल्या सांगाड्यांत खांद्याच्या पात्याचे टोक, जे तारुण्यात उरलेल्या हाडाशी सांधले जावयास हवे, ते अनेकांत सुटेच राहिलेले दिसले. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असे मत मांडले गेले आहे. पालक मला विचारतात की मुलाला कोणत्या वयात जड धनुष्य द्यावे, तेव्हा मला हे खांदे आठवतात.

आपल्याकडे या प्रश्नाला एक सुंदर उत्तर होते, आणि ते आज शाळेच्या पटांगणात ओळख न पटता खुळखुळत असते. लेझीम हा मूळ फारसी शब्द आहे. सरावासाठी केलेल्या धनुष्याला, ज्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेली असे, त्याला हे नाव होते. इराणच्या व्यायामशाळांत असे लोखंडी धनुष्य आजही डोक्यावर धरून डावी-उजवीकडे खेचतात. तिकडे त्याला कबादा म्हणतात. महाराष्ट्रातील तालमींतही लेझीम हे ताकदीचे साधन होते. लाकडी दांड्याला साखळी आणि तीत चकत्या, असे त्याचे रूप झाले, पुढे ते हलके झाले, मिरवणुकीत आले आणि तालावर नाचू लागले. नाचाला माझा विरोध नाही, पण साधनाचा हेतू पाहा. बाण न लावता, लक्ष्य नसताना, दोन्ही खांद्यांना सारखेच काम देऊन पाठ तयार करणारे हे साधन आहे. तिरंदाज एकाच बाजूने ओढतो, त्यामुळे त्याचे शरीर कालांतराने एकांगी होते. लेझीम दोन्ही बाजूंनी खेचली जाते. जोर आणि बैठका, करेल फिरवणे, मल्लखांबावरील पकड, या सर्वांचा उपयोग आहेच. परंतु धनुर्धरासाठी मुद्दाम घडवलेले साधन विचाराल तर मी जड लेझमीचेच नाव घेईन.

शिकारीच्या तिरंदाजीत मात्र खांदा हा शेवटचा भाग आहे. त्याच्या आधी पाय आहेत. बंदुकीचा शिकारी शे-दोनशे पावलांवरून काम करतो. धनुष्यवाल्याला वीस-तीस पावलांच्या आत जावे लागते. उत्तर अमेरिकेत धनुष्याचा हंगाम बहुतेक ठिकाणी शरद ऋतूच्या आरंभी, बंदुकीच्या हंगामाआधी सुरू होतो. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली त्यास प्रथम कायदेशीर जागा दिली. रॉकी पर्वतात एल्क नावाच्या प्रचंड सांबरासारख्या प्राण्यामागे जाणारे लोक दोन-तीन हजार मीटर उंचीवर दिवसचे दिवस चालतात, आणि शिकार साधली तर दोन-तीनशे किलोच्या जनावराचे मांस तुकड्यातुकड्यांनी पाठीवरून खाली आणतात. त्यामुळे तेथील समंजस शिकारी उन्हाळ्यापासूनच पाठीवर ओझे घेऊन टेकड्या आणि जिने चढू लागतो. ओझे आठवड्या-आठवड्याने थोडेच वाढवतो. चढापेक्षा उतारावर गुडघ्यांचा कस अधिक लागतो, म्हणून उतरण्याचाही सराव करतो.

येथे नीतीचा प्रश्न शरीरापाशी येऊन पोचतो. बाण गोळीसारखा आघाताने मारत नाही. पात्याने कापून, रक्तस्रावाने मारतो. तो हृदय-फुप्फुसांच्या जागी लागला तर प्राणी लवकर पडतो. चार बोटे मागे लागला तर पोटात जखम घेऊन रानात नाहीसा होतो, आणि त्याचे मरण लांबते. धापा टाकत चढून आलेल्या, हात कापत असलेल्या माणसाने सोडलेला बाण ही चार बोटे चुकतो. हृदयाचे ठोके वाढले की नेमाचा बिंदू लक्ष्यावर ठरत नाही. टोकियो ऑलिंपिकच्या प्रक्षेपणात तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवले होते, ते आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. सपाट मैदानावर, सावकाश उभे राहूनही ते आकडे चढत होते. डोंगर चढून आल्यावर काय होत असेल? म्हणून ज्या देशांत ही शिकार कायदेशीर आहे, तेथेही दमसास नसलेल्या माणसाने धनुष्य उचलू नये, असे मी म्हणतो. ब्रिटनने तर धनुष्याने शिकार करण्यावर बंदीच घातली आहे, आणि त्यामागे घायाळ प्राण्याचा हाच विचार आहे.

तयारीचा आणखी एक प्रकार आहे, जो व्यायामाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. १९११ साली कॅलिफोर्नियात इशी नावाचा एक मनुष्य रानातून बाहेर आला. त्याच्या याही जमातीतील सर्व जण मारले गेले किंवा मेले होते. तो एकटा उरला होता. विद्यापीठातील शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप हे त्याचे डॉक्टर झाले, मग शिष्य झाले, आणि १९१६ साली इशी क्षयाने वारला त्याआधी त्याची धनुर्विद्या त्यांनी शिकून लिहून ठेवली. इशी शिकारीच्या आदल्या दिवशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे ओढ्यात स्नान करी, सुगंधी पाल्याने अंग चोळी, चूळ भरून पाणी पिई आणि उपाशी पोटी निघे. यात श्रद्धा किती आणि वासाचे व्यावहारिक ज्ञान किती, हे वेगळे काढता येणार नाही, आणि काढण्याची गरजही मला वाटत नाही. पोप यांच्या लिखाणामुळे अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीचे पुनरुज्जीवन झाले. ज्यांनी इशीचे लोक संपवले, त्यांच्याच नातवंडांनी ती विद्या छंद म्हणून उचलली, हेही नोंदवलेच पाहिजे.

आपल्याकडे असे होऊ नये, ही माझी चिंता आहे. सातपुड्यातील भिल्लांचा तीरकमठा बांबूचा असतो आणि त्याची दोरीही बहुधा बांबूच्याच चिपेची असते. असे धनुष्य ओढणारा मुलगा पाठ कशी वापरावी हे कोणाच्या शिकवण्यावाचून शिकतो. अनवाणी, पानांवर आवाज न करता टाचेऐवजी पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन चालतो. लिंबा राम हा राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातला आदिवासी मुलगा बांबूच्या धनुष्याने रानातील पाखरे मारीत असे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने १९८७ साली त्या भागात मुलांची चाचणी घेतली, तीत तो निवडला गेला. पुढच्याच वर्षी तो सेऊलच्या ऑलिंपिकमध्ये होता. १९९२ व १९९६ सालीही तो ऑलिंपिक खेळला. रानाने ज्याचे खांदे आणि डोळे घडवले होते, त्याला मैदानाने केवळ नवे धनुष्य दिले. पण अशी चाचणी प्रत्येक पाड्यावर पोचत नाही. झारखंडातील दलमाच्या डोंगरात आदिवासी दर उन्हाळ्यात 'सेंदरा' या पारंपरिक शिकारीस जमतात, आणि वनखाते त्यांना प्राणी मारू नका म्हणून विनवते. वनखात्याची बाजू बरोबर आहे. तथापि ज्याच्या हातून धनुष्य काढून घ्यावयाचे, त्याला दुसरे काय देणार, याचे उत्तर केवळ कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही.

एक उत्तर आपल्या अगदी जवळ आहे. येथील सर्पोद्यान तुम्हांस परिचित आहे. ते उभारणाऱ्या रोम्युलस व्हिटेकर यांनी इरुळा जमातीच्या सर्पशिकाऱ्यांबरोबर काम केले होते. कातड्यांचा व्यापार कायद्याने बंद झाला, तेव्हा या लोकांच्या उपजीविकेचे साधन गेले. १९७८ साली त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. ते विषारी साप जिवंत धरतात, त्यांचे विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. त्या विषापासून सर्पदंशावरील औषध बनते. माग काढण्याची तीच नजर, उन्हात तासन् तास वाकून चालण्याचा तोच दम. मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोघा इरुळांना २०१७ साली फ्लोरिडात अजगर पकडण्यासाठी बोलावले गेले, आणि आठवड्याभरातच त्यांनी तेरा अजगर धरले. २०२३ साली दोघांनाही पद्मश्री मिळाली. शिकाऱ्याचे शरीर शिकारीविना जगू शकते, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

महाराष्ट्रातून आलेली बातमीही सांगावीशी वाटते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली, आणि नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवून तोच मान मिळवला. त्यांच्या आधी फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधवने टोकियोत जागतिक क्रमवारीतील दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला एकही संच न देता हरवले होते. प्रवीणचे आईवडील मजुरी करीत. शाळेत त्याला आधी धावण्यास लावले होते, पण पोषण कमी असल्याने शरीर साथ देईना. त्याच्या शिक्षकांना प्रथम त्याच्या खाण्याची सोय पाहावी लागली. शरीर घडवण्याविषयी बोलणारे आम्ही लोक व्यायामापासून आरंभ करतो. आरंभ ताटापासून असतो.

आता तुमच्या कामाचे थोडे बोलतो. तुम्ही धनुष्य उचला अगर न उचला, हरणांची गणना करणाऱ्यास शिकाऱ्याचेच शरीर लागते. पोलो मैदान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोकळ्या भागात काळवीट असतात. काळविटाची मादी पाडसाला गवतात लपवून दूर चरते. तुम्ही धडपडत, खोकत गेलात तर कळप उधळतो, तुमचा आकडा चुकतो आणि पाडस एकटे पडते. म्हणून अर्धा तास एका गुडघ्यावर न हलता बसण्याचा सराव करा. पहिल्या दहा मिनिटांतच मांड्या थरथरू लागतील. परंगीमलैच्या पायऱ्या जवळच आहेत. तेथे पहाटे जा, आणि वर पोचताच दुर्बीण डोळ्याला लावून दूरच्या एखाद्या झाडावर स्थिर ठेवून पाहा. श्वास खाली बसण्यास किती वेळ लागतो, ते वहीत लिहा. महिन्याभराने तो आकडा कमी झालेला दिसेल. मे महिन्यातील अग्निनक्षत्राच्या दिवसांत मात्र सूर्य वर आल्यावर चढू नका; या किनाऱ्यावरील दमट हवेत घाम सुकत नाही, आणि अंग तापत राहते.

ज्यांना तिरंदाजी शिकावयाची आहे, त्यांनी आठ-दहा किलोहून अधिक ओढीचे धनुष्य आरंभी घेऊ नये. ते ओढून आठ आकडे मोजेपर्यंत धरता आले आणि खांदा वर चढला नाही, म्हणजे पुढच्या धनुष्याचा विचार करावा. बाण न लावता दोरी ओढून सोडू नये. धनुष्य मोडते आणि डोळ्याला इजा होते. ओढलेली दोरी परत नेण्याचा सराव मात्र रोज करावा. खांद्यात टोचल्यासारखे दुखू लागले, तर तेल चोळून पुन्हा ओढू नका. आठ दिवस थांबा, आणि तरीही दुखले तर डॉक्टरांकडे जा.

प्रश्न असतील तर आता विचारावेत. बालोद्यानाचे फाटक बंद करण्यापूर्वी आपल्याला तेथे एक फेरी मारावयाची आहे.